घरच्या खाऱ्या हौदांतील नत्राची बाकी व शेवाळ

आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या जमिनी बाहेरगांवीं व एक घर पुण्यांत, अशी स्थिति आहे. पुण्यांतल्या घरीं मुलांनीं मासे पाळण्याची कांचेची पेटी आणिली म्हणजे प्रथम सर्वांस कौतुक वाटतें. तीन महिन्यांनीं तिच्या भिंती हिरव्या होतात, आणि वर्ष सरतां सरतां ती रिकामी होऊन माळ्यावर जाते. आमची पेटीही माळ्यावर जाण्याच्या बेतांत होती. ती कशी वांचली, आणि तींतल्या चार माशांपैकीं एक आमच्याच हातून कसा गेला, हें येथें लिहिण्याचें योजिलें आहे. शेतकीच्या मासिकांत हा विषय विचित्र दिसेल. परंतु पेटींतला सारा खटला नत्र व स्फुरद यांचा आहे, आणि या दोहोंचा व्यवहार आमच्या वाचकांस जितका ठाऊक आहे तितका मासे विकणाऱ्यांस ठाऊक नसतो, असें आम्हांस आढळलें. शिवाय शेततळें बाळगणाऱ्या कित्येकांनीं आम्हांस शेवाळाविषयीं विचारिलें आहे. त्यांनाही यांत घेण्यासारखें कांहीं सांपडेल.

पेटी आमच्या चिरंजीवांची. ते नोकरीनिमित्त परदेशीं गेले व जातांना ती आमच्या स्वाधीन करून गेले. आम्हीं महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. शिक्षण मराठी शाळेंतलें. रसायनशास्त्र आम्हांस येत नाहीं. मात्र जमा, वसूल व बाकी हे तीन शब्द आम्हांस झोपेंतही सुटत नाहींत, आणि शेवटीं त्यांनींच काम केलें.

पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच आहे. तिच्या खालीं कपाटांत दुसरा लहान हौद आहे व पाणी पंपानें वर-खालीं फिरत असतें. दोन्ही मिळून पाणी २०० लिटर धरावें. आंत चुनखडीचे सच्छिद्र कोरडे खडक रचिले आहेत. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउन मासे, एक निळा डॅमसेल व वाळू चिवडून खाणारा एक गोबी, इतकी वस्ती होती. खडकांवर मऊ जातीचीं पोवळीं आहेत. एक छत्रीसारखें, दोन बटणाएवढ्या फुलांच्या गुच्छांचीं. कठीण सांगाड्याचें पोवळें आम्हीं ठेविलेलें नाहीं व कोणींही देऊं केलें तरी घेऊं नये. कठीण पोवळीं, काळीं पोवळीं व समुद्रपंखे हीं २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. मालवणास १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे; तेथें ओहोटीच्या वेळीं उथळ पाण्यांत दिसणारा तुकडा खिशांत घालून आणणें हा वाघाच्या कातड्याच्या पंक्तींतला गुन्हा होय, हें पुष्कळ सुशिक्षितांस माहीत नसतें.

सदाशिव पेठेंत पाण्याची ददात नाहीं. पेशवाईंत कात्रजच्या तलावाचें पाणी भुयारी नळानें शहरांत आणून ठिकठिकाणच्या हौदांत सोडीत. पेठेंतही असा हौद होता. आतां खडकवासल्याचें पाणी गाळून व क्लोरीन घालून येतें. पिण्यास तें उत्तम. आमच्या पेटीस मात्र तें तसेंच चालत नाहीं. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें तें मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या कांठीं. पुण्यास समुद्र घाटाखालीं दूर राहिला; येथें तो पोत्यांतून आणून बादलींत कालवावा लागतो. लिटरास सुमारें ३५ ग्रॅम या मानानें तयार समुद्री मीठ घालून विशिष्ट गुरुत्व १.०२५ पर्यंत आणावें. स्वयंपाकाचें किंवा मिठागराचें मीठ उपयोगीं नाहीं, कारण समुद्राच्या पाण्यांत नुसतें मीठ नसून लिटरीं सुमारें ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम व त्याच्या तिप्पट मॅग्नेशियम असतें. आणि मीठ कालवावयाचें पाणी आर. ओ. यंत्रांतून काढलेलें असावें. नळाच्या व विशेषतः बोअरच्या पाण्यांत सिलिका, नायट्रेट व इतर क्षार येतात. पहिल्या आठवड्यांत वाळूवर जी तपकिरी साय चढते ती या सिलिकेवर वाढते व सिलिका संपली कीं बहुधा आपोआप जाते. तिच्यासाठीं जिवाचा आटापिटा करूं नये.

खरी पीडा पुढें आली. चिरंजीव गेल्यावर चवथ्या महिन्यांत खडकांवर बोटभर लांबीचे हिरवे केंस लोंबूं लागले. छत्रीचें पोवळें मिटलें तें उघडेना. आम्हीं दुकानांत जाऊन शेवाळ मारण्याची बाटली आणिली. शेवाळ मेलें, कुजलें, आणि पंधरा दिवसांनीं पहिल्याहून दाट आलें. दुसरी बाटली आणण्यास निघालों असतां मनांत आलें कीं, शेतांत हरळी माजली असतां आपण नुसती वरून कापून खत मात्र चालूं ठेवितों काय? तण कां वाढलें हें न पाहतां तणनाशक आणणारा शेतकरी व आम्ही यांत फरक राहिला नव्हता.

तेव्हां नत्र कोठून येतें हें पाहणें प्राप्त झालें. माशाच्या कल्ल्यांतून व विष्ठेंतून अमोनिया बाहेर पडतो, आणि न खाल्लेलें अन्न कुजूनही अमोनियाच होतो. जंतूंची एक जात त्याचें नायट्राइट करिते, दुसरी जात नायट्राइटचें नायट्रेट करिते. शेतांत युरिया किंवा अमोनियम सल्फेट घातल्यावर जमिनींत हेंच होतें. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे जंतु वेगळे करून दाखविले. अमोनिया व नायट्राइट माशांस विष आहेत, नायट्रेट त्या मानानें सौम्य. म्हणून मासे जगतात व मालक निश्चिंत राहतो. शेतांत नायट्रेट झालें कीं पीक तें उचलतें. पेटींत उचलणारें पीक कोणतें? शेवाळ. तें आपण होऊन उगवतें व बीं विकत आणावें लागत नाहीं, एवढाच फरक.

येथें पोवळ्याची बाजू सांगितली पाहिजे. पोवळें हा प्राणी असला तरी त्याच्या मांसांत सूक्ष्म शेवाळाची वस्ती असते. तें शेवाळ उजेडावर साखर करून पोवळ्यास देतें व पोवळें आपल्या मलांतलें नत्र त्यास देतें. म्हणजे पोवळें स्वतःच एक काटकसरी शेतकरी आहे. उष्ण समुद्रांतलें पाणी नत्राच्या बाबतींत अत्यंत दरिद्री, नायट्रेट बहुधा लिटरीं १ मिलिग्रॅमच्याही खालीं. तेथें हा कोरडवाहू संसार उत्तम चालतो. त्याच पाण्यांत नत्राची रेलचेल झाली कीं बाहेरचें केंसाळ शेवाळ चढतें व पोवळ्याचा उजेड अडवितें. हलक्या जमिनीवरच्या मटकीला भरपूर नत्र देऊन पाहावें. मटकीपेक्षां तणच जोरानें येतें.

आम्हीं एक लाल पुठ्ठ्याची वही केली. पहिलें पान जमेचें. आठ दिवस माशांस काय काय पडतें तें सोन्याच्या कांट्यावर तोलून पाहिलें. सकाळीं आम्ही घालीत असूं. दुपारीं घरांतील मंडळी, माशांनीं कांचेशीं येऊन तोंड उघडलें म्हणजे त्यांना दया येई. संध्याकाळीं मुलीची मुलगी शाळेंतून आली कीं तिची चिमूट. नदीच्या घाटावर माशांना कणीक घालून पुण्य जोडण्याची आपली रीत घरांत शिरली होती. एकूण रोज २ ग्रॅम कोरडें खाद्य पडत होतें.

आतां हिशेब पाहा. खाद्याच्या डबीवर प्रथिनें शेंकडा ४५ लिहिलीं होतीं. प्रथिनांत नत्र शेंकडा १६ धरितात. म्हणजे १ ग्रॅम खाद्यांत ७२ मिलिग्रॅम नत्र झालें. सुमारें १५७ मिलिग्रॅम युरियांत जितकें असतें तितकें. त्या सर्वांचें नायट्रेट झालें तर ७२ ला ४.४३ नीं गुणून ३१९ मिलिग्रॅम येतात, व तीं २०० लिटरांत पसरलीं तर लिटरीं १.६ मिलिग्रॅम. रोज २ ग्रॅम म्हणजे आठवड्यास २२ मिलिग्रॅमची भर. हा वरचा अंदाज आहे, कारण कांहीं नत्र माशांच्या अंगीं लागतें व कांहीं इतर वाटांनीं जातें. परंतु ज्या दिवशीं आम्हीं मोजलें त्या दिवशीं पाण्यांत लिटरीं ८० मिलिग्रॅम नायट्रेट होतें, आणि खडकांवरचें सारें शेवाळ हें त्याखेरीज.

खर्चाच्या पानावर एकच रकम होती. पंधरा दिवसांनीं दहावा हिस्सा पाणी बदलणें. येथें पुष्कळ लोक फसतात. पाणी बदललें म्हणजे नायट्रेट गेलें, अशी समजूत असते. पांचवा हिस्सा पाणी बदललें तर नायट्रेटही पांचवा हिस्साच जातें. ८० चें ६४, मग ५१, मग ४१, ३३, २६. पांच बदल झाले तरी तिसरा हिस्सा बाकी उरते, आणि तीही मधल्या काळांत कांहींच भर पडली नाहीं तर. भर चालूं असेल तर बाकी कोठें जाऊन थांबेल हें काढण्याची रीत सोपी आहे: आठवड्याच्या भरीला आठवड्यास बदललेल्या हिश्श्यानें भागावें. आठवड्यास २२ ची भर व दहावा हिस्सा बदल, तर बाकी २२० वर जाऊन स्थिर होईल. पांचवा हिस्सा बदलला तर ११० वर. परंतु बदल पांचव्या हिश्श्याचाच ठेवून खाद्य रोज अर्धा ग्रॅम केलें, तर आठवड्याची भर ५.६ व बाकी २८. मिठाचें पोतें वाढविण्यापेक्षां चिमूट लहान करणें किती स्वस्त, हें या आंकड्यांवरून कळेल. चार लहान माशांस अर्धा ग्रॅम भरपूर होतो. नातीच्या समाधानासाठीं आम्हीं दिवसाचें खाद्य सकाळींच पुडींत बांधून ठेवण्याचा प्रघात पाडिला. त्यांतून कोणीं किती वेळां घालावें यावर निर्बंध नाहीं. पुडी संपली कीं खातें बंद.

मोजण्याविषयीं दोन शब्द. नायट्रेट मोजण्याची पेटी मिळते. नळींत पाणी घेऊन औषधें घालावीं व रंग तक्त्याशीं ताडावा. दुसरी बाटली जोरानें हलवल्याशिवाय वापरली तर आंकडा फसवा येतो, व दिव्याच्या पिवळ्या उजेडांत पाहिला तर मनास येईल तो रंग दिसतो; सकाळच्या उजेडांत पाहावें. कांहीं तक्त्यांवर नायट्रेट दिलेलें असतें, कांहींवर केवळ त्यांतलें नत्र, दुसऱ्यास ४.४ नीं गुणल्यावर पहिलें येतें. माती परीक्षणाच्या पत्रिकेंत स्फुरद व स्फुरदाम्ल यांचा घोटाळा ज्यांनीं केला असेल त्यांस हें लगेच समजेल. याहून मोठा फसवा प्रकार निराळाच आहे. खडकांवर शेवाळ माजलेलें असतांना कधीं कधीं परीक्षेंत नायट्रेट शून्य येतें. तेव्हां हुरळून जाऊं नये. तणानें भरलेल्या रानाची माती तपासली तर तींतही नत्र कमी निघेल, कारण तें तणाच्या अंगांत उभें आहे. शेवाळ उपटून बाहेर टाकीपर्यंत ती बाकी वसूल झाली असें लिहितां येत नाहीं.

सहज म्हणून गोड्या पाण्याच्या तक्त्यावर आम्हीं गांवच्या आमच्या विहिरीचें पाणी तपासलें. रंग पन्नासाच्या पुढें गेला. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत नायट्रेट लिटरीं ४५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक असूं नये. आमच्या विहिरीच्या वरच्या अंगास वीस हातांवर उकिरडा आहे, व भोंवतीं उसाला युरिया सढळ हातानें पडतो. मासे पाळणाऱ्या घरांत जें चाललें होतें तेंच तेथेंही चाललें होतें. सहा महिन्यांच्या आंतील तान्ह्या मुलांस अशा पाण्याचें दूध कालवून देणें धोक्याचें आहे. त्यांच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति त्यानें कमी होते. पाणी उकळल्यानें नायट्रेट जात नाहीं. उलट पाणी आटून तें दाट होतें. आम्हीं उकिरडा हलविला व पिण्यापुरतें पाणी निराळें आणितों. वाचकांनीं आपापल्या विहिरी एकदां तपासून घ्याव्या.

आतां पेटींतून नत्र बाहेर काढण्याच्या वाटा. गुऱ्हाळांत काहिलींतल्या रसावर मळी येते ती झाऱ्यानें काढितात; न काढली तर गूळ बिघडतो. खाऱ्या पेटींत हेंच काम करणारें एक यंत्र असतें. त्यांत बारीक बुडबुड्यांचा फेंस होतो, पाण्यांतले चिकट सेंद्रिय पदार्थ फेंसास धरून वर चढतात व वरच्या पेल्यांत काळपट, दुर्गंधी मळी सांठते. अन्न कुजून त्याचा अमोनिया होण्याच्या आधींच तें बाहेर निघतें, हा याचा मोठा गुण. दर दोन दिवसांनीं पेला धुवावा. त्याच्या गळ्यास तेलकटपणा बसला कीं फेंस चढत नाहीं. यंत्र रात्रंदिवस चाललें पाहिजे. हें वाक्य आम्हीं किती किंमत देऊन शिकलों तें पुढें येईल.

दुसरी वाट म्हणजे शेवाळाविरुद्ध शेवाळच उभें करणें. अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर अडी यांनीं जाळीवर पातळ पाणी व तीव्र उजेड सोडून मुद्दाम शेवाळ वाढविण्याची व तें खरवडून टाकण्याची रीत बसविली. आमच्याकडे साधी सोय आहे. खालच्या हौदाच्या एका कप्प्यांत तारेच्या गुंडाळीसारखें दिसणारें जाड हिरवें समुद्री शेवाळ ठेवून त्यावर रात्रीं दिवा लाविला आहे. वर दिवसा व खालीं रात्रीं उजेड, असें केल्यानें पाण्याचा सामूही फारसा खालींवर होत नाहीं. महिन्यास दोन मुठी शेवाळ उपटून बाहेर काढितों. बाहेर काढणें हाच यांतला मुख्य भाग. खुरपलेलें तण वाफ्यांतच सोडलें तर त्याचें खत वाफ्यासच मिळतें, तसें तेथें होऊं देऊं नये.

तिसरी वाट खडकांच्या पोटांतून जाते. कोंकणांतील भात पिकविणाऱ्यांस ठाऊक आहे कीं, पाण्यानें तुंबलेल्या खाचरांत नायट्रेटचें खत देऊं नये. तेथें हवा पोंचत नाहीं व जंतु नायट्रेट फोडून त्याचा नत्र वायु करून उडवितात. शेतकऱ्याचें जें नुकसान तें आमचें उत्पन्न. सच्छिद्र खडकाच्या आंतल्या भागांत व खोल वाळूच्या तळाशीं प्राणवायु नसतो, आणि हेच जंतु तेथें काम करितात. जकार्ता येथील ली चिन एंग यांनीं १९६१ सालीं समुद्रांतला जिवंत खडक व हवेचे बुडबुडे यांवर पेटी चालविण्याची रीत प्रसिद्ध केली, ती याच पायावर. आपल्याकडे समुद्रांतला जिवंत खडक उचलणें योग्य नाहीं. कोरडा खडक ठेवून सहा महिने धीर धरिला तर जंतु आपण होऊन वस्ती करितात. खडकांवर गाळ बसूं मात्र देऊं नये.

चवथी वाट त्या जंतूंस साखर देण्याची, आणि येथेंच आमचा हात पोळला. उसाच्या रानांत न कुजलेलें पाचट गाडून लगेच पीक घेतलें तर पीक पिवळें पडतें. पाचटांतल्या कर्बावर जंतु माजतात व जमिनींतलें नत्र स्वतःसाठीं ओढून घेतात. हाच डाव पेटींत खेळितात. पाण्यांत थोडा कर्ब घातला कीं जंतु वाढतात, नायट्रेट व फॉस्फेट अंगीं घेतात, आणि फेंसाच्या यंत्रांतून ते जंतुच बाहेर निघतात. परदेशांत यासाठीं थेंब मोजून व्होडका घालितात. आमच्या घरांत ती बाटली कपाटांत ठेवणें शक्य नव्हतें, म्हणून आम्हीं साखर घेतली. नायट्रेट तेव्हां चाळिसावर अडून बसलें होतें व आम्हांस घाई झाली होती. एके रात्रीं तीन चमचे साखर विरघळवून ओतली. फेंसाच्या यंत्राची घरघर झोपेच्या आड येई म्हणून तें रात्रीं बंद ठेवण्याची संवय आम्हांस लागली होती. त्या रात्रींही तें बंदच होतें. महिना वैशाख, माडीवर पत्रा, पाणी ३१ अंशांवर. ऊन पाण्यांत प्राणवायु मुळांतच कमी मावतो. पहांटे उठून पाहतों तों पेटींत जणूं ताक ओतलेलें. क्लाउन मासे पृष्ठभागाशीं तोंडें उघडून धापा टाकीत होते. यंत्र सुरू केलें, पंप्याचें तोंड वर करून पाणी खळबळविलें, तयार ठेविलेलें चाळीस लिटर नवें पाणी घातलें. तीन मासे वांचले. गोबी तळाशीं आपल्या बिळाच्या तोंडीं मेलेला सांपडला. तो वर येऊन धाप घेणाऱ्यांपैकीं नव्हता. नातीला काय सांगावें हें आम्हांस दुपारपर्यंत सुचलें नाहीं. शेवटीं खरें तेंच सांगितलें. तिनें वहींत त्या तारखेपुढें एक मासा काढून ठेविला आहे.

पुढें तीन महिन्यांनीं आम्हीं हीच रीत पुन्हां केली, पण साध्या पांढऱ्या व्हिनेगरनें. २०० लिटरांस रोज २ मिलिलिटर, सकाळीं, यंत्र चालूं असतांना. दर आठवड्यास एकानें वाढवीत १० पर्यंत गेलों व तेथें थांबलों. पाणी किंचित् धूसर दिसलें कीं वाढ थांबवावी. ज्यांच्याकडे फेंसाचें यंत्र नाहीं त्यांनीं ही वाट धरूंच नये.

स्फुरदाचें प्रकरण थोडक्यांत सांगतों, कारण तें आमच्या वाचकांस अर्धें पाठच आहे. चुनखडीच्या जमिनींत सुपर फॉस्फेट घातलें तर पुष्कळसें स्फुरद चुन्याशीं बांधलें जाऊन पिकास लवकर मिळत नाहीं. पेटींतला खडकही चुन्याचाच. तो महिनोन्‌महिने स्फुरद गिळीत राहतो, आणि पाणी स्वच्छ केलें कीं तें हळूहळू परत सोडितो. म्हणून खाद्य कमी केल्यावरही फॉस्फेट दोन-तीन महिने हटत नाहीं. मालकास वाटतें कीं उपाय फुकट गेला. तो फुकट गेलेला नसतो, जुनी थकबाकी वसूल होत असते. पाण्यांत फॉस्फेट लिटरीं ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम व नायट्रेट २ ते १० मिलिग्रॅम ठेविलें तर मऊ पोवळीं समाधानानें राहतात. लोहाचे दाणे पिशवींत घालून फॉस्फेट शोषवितां येतें. आम्हीं ते एकदां दुपटीनें वापरले. फॉस्फेट व नायट्रेट दोन्ही शून्यावर आलीं आणि आम्हीं वहींत लाल शाईनें निरंक लिहिलें. महिन्याभरांत वाळूवर बुडबुडे धरलेली तपकिरी, शेंबडासारखी तार चढली. हें केंसाळ शेवाळ नव्हे. इतर सर्व उपाशी असतां माजणारी निराळीच जात आहे, व तींतल्या कांहीं जाती गोगलगाईंस विषारी असतात. दाणे काढून टाकिले, खाद्य किंचित् वाढविलें, तेव्हां ती दोन महिन्यांनीं हटली. महसुलांत निरंक बाकी भूषणावह असते. येथें ती पेलत नाहीं.

उजेड दिवसाचे आठ तास पुरे. पेटी खिडकीच्या उन्हांत ठेवूं नये. केंसाळ शेवाळ उपटतांना खडक बादलींतल्या खाऱ्या पाण्यांत धरून दांतांच्या जुन्या ब्रशानें घासावा. पेटींतच घासला तर प्रत्येक तुकडा नव्या जागीं रुजतो. शेवाळ खाणाऱ्या चार-सहा गोगलगाई ठेवाव्या, परंतु त्यांजकडून बोटभर लांबीचें रान साफ होण्याची आशा करूं नये. कोंवळें तेवढें त्या चरतात. उडालेल्या पाण्याची भर मात्र नेहमीं गोड्या आर. ओ. च्या पाण्यानें करावी, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ खालींच राहतें.

बदललेलें जुनें पाणी काय करावें हा प्रश्न शेतकऱ्याच्या मनांत प्रथम येईल. गोड्या मत्स्यालयाचें पाणी बागेस फार चांगलें. त्याच आठवणीनें आम्हीं पहिल्या महिन्यांत हें पाणी तुळशीस घातलें, व तिसऱ्या दिवशीं तुळस जळली. खारवट जमिनींतल्या पिकाचे हाल पाहिलेल्या मनुष्यानें असें करावें, यावर घरांत बोलणें बसलें तें योग्यच बसलें. तें पाणी मोरींतच सोडावें लागतें. मोरींतलें पुढें कोठें जातें हेंही सांगून ठेवितों. पेठेंतलें सांडपाणी मुठेस, मुठा मुळेस, मुळा-मुठा भीमेस, आणि भीमा उजनीच्या धरणास. तेथें पाणी हिरवें होतें व जलपर्णी माजते तीं शहराच्या मैल्यांतल्या व वाटेवरच्या शेतांतून वाहून आलेल्या याच नत्रावर व स्फुरदावर. दौंड व इंदापूरकडच्या सभासदांस तें पाणी रोज दिसतें. आमच्या पेटीचा त्यांत वाटा थेंबाएवढा. परंतु जमाखर्चाची पद्धत दोन्हीकडे एकच.

सध्यां वहींत असें आहे. खाद्य रोज अर्धा ग्रॅम. दर रविवारीं चाळीस लिटर पाणी बदल. व्हिनेगर १० मिलिलिटर. गेल्या रविवारीं नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०६, विशिष्ट गुरुत्व १.०२५. छत्रीचें पोवळें दुपारीं बारापर्यंत पूर्ण उघडतें. गोबी पुन्हां आणिलेला नाहीं. नात म्हणेल तेव्हां आणूं. मागच्या कांचेवर थोडें हिरवें आहे, तें आम्ही खरवडीत नाहीं. तें गोगलगाईंच्या वाट्याचें आहे.